कडीला टांगलेलं ताट

भोईरकाकांची आणि माझी ओळख माझ्या भिंतीमुळे झाली.

कळव्याच्या त्या इमारतीत मी नुकताच राहायला आलो होतो. सामान अजून पोत्यांत होतं, बायको माहेरी होती आणि मी गंजीफ्रॉकवर पंख्याखाली बसून हौशी नाटकातला माझा उतारा पाठ करत होतो. दार उघडंच होतं. एक बुटका, काळासावळा, पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ आत आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खाली लुंगी आणि हातात हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. इतका जोरदार प्रवेश मी रंगमंचावरही कधी पाहिला नव्हता. त्यानं माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक माझ्या भिंतीला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटले.

मी माझ्याच घरात चोरासारखा गप्प उभा.

"तुमचा पंखा," डोळे उघडून तो म्हणाला. "वरचं बेअरिंग गेलंय. भिंतीतनं माझ्याकडे येतंय. आठ दिवस काढेल, जास्त नाय."

"आपण कोण?"

"बाजूचा. भोईर." आणि गेला.

नवव्या दिवशी माझे सासरे पहिल्यांदा जावयाचं घर बघायला आले. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि पंख्यानं एक किंकाळी फोडून मान टाकली. मी धावत शेजारी गेलो. भोईरकाका दारातच उभे होते. शर्टाच्या खिशात हात घालून त्यांनी नवं बेअरिंग बाहेर काढलं. ते तीन दिवसांपूर्वीच आणून ठेवलं होतं.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते. यंत्र बंद पडण्याआधी आतून कुरकुरतं, आणि ती कुरकुर बाहेरच्या गोंगाटात कानाला ऐकू येत नाही. पण लोखंडी दांडी टेकवली तर थेट कानात येते, हे त्यांना तिथल्या जुन्या फिटरनं शिकवलं होतं. त्या एका विद्येवर काकांनी सगळं जग तपासायचं ठरवलं. पाण्याचा पंप, तिसऱ्या मजल्यावरचा फ्रिज, तळमजल्यावरची शंकरची पिठाची गिरणी, सगळ्यांची छाती त्यांनी ऐकली होती. एकदा बाजारात कलिंगडाला स्क्रू ड्रायव्हर लावलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. कलिंगड लालभडक निघालं.

माणसांबद्दलही ते तसंच बोलत. कुणाचं कौतुक केलं की विचारत, "वरनं ठीक हाय हो. आतून काय बोलतंय?" माझ्या एका नाटकाला येऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नाटकवाले, तुम्ही ओरडलात चांगलं. पण गुडघे थरथरत होते. पहिल्या रांगेत लाकडातनं येत होतं." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी कायमचा 'नाटकवाले' झालो.

तर असा हा माणूस, आणि त्याचं घर नेमकं पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर! सकाळी आठला शंकर खटका ओढायचा आणि भोईरांच्या फडताळातली भांडी आपापसात बोलायला लागायची. ज्याला भिंतीपलीकडचा पंखा सहन होत नाही, त्यानं गिरणीवर कसं राहावं? मी विचारलं तेव्हा उत्तर पारूकाकींनी दिलं. उत्तर पारूकाकींनी दिलं.

पारूकाकी म्हणजे त्यांची बायको. मोठं कुंकू, खणखणीत आवाज आणि नवऱ्याची एकही गोष्ट मनावर न घेण्याची कमावलेली सवय. त्या आगरी लग्नांत धवले गायच्या. लग्नघरात वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यावर म्हटली जाणारी ती गाणी. हळदीपासून पाठवणीपर्यंत त्यांना बोलावणं असायचं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आख्ख्या इमारतीची पोरं त्यांचीच होती आणि त्यात मलाही घेतलं होतं.

"बाला, इकरं ये, तुला एक दाखवते," असं म्हणून त्यांनी एकदा कपाटातून नऊवारीच्या घडीत ठेवलेली एक तबकडी काढली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या, चकचकीत, लाखेसारख्या लेपाचं पातळ लुकण. एकाच बाजूला रेषा. मधल्या कागदावर हातानं लिहिलं होतं, 'पारू. धवला.'

पारूकाकी सोळा वर्षांच्या असताना मुंबईच्या एका रेकॉर्डवाल्यानं त्यांना एका लग्नात ऐकलं आणि नमुना घ्यायला बोलावलं. वडील घेऊन गेले. वडिलांचा जन्म मिठागरात गेलेला. मुंबईत ते पहिल्यांदाच जात होते.

"तो साहेब बोलला, म्हाताऱ्याला भायेर बसवा. मी बोलले, बापूस भायेर तर मी पन भायेर. मग त्याला माझ्या मागं स्टुलावर बसवला. बोलला, पारू, भिऊ नको, मी हाय."

साहेबांना गाणं काही पसंत पडलं नाही. नमुन्याची तबकडी पोरीला देऊन टाकली. सहा महिन्यांत वडील गेले, दोन वर्षांनी लग्न झालं. ही तबकडी म्हणजे बाजारातल्या तबकड्यांसारखी टणक नव्हे. मऊ लुकणावर थेट कोरलेली. प्रत्येक वेळी सुई फिरली की ती थोडी खरवडली जाणार. मोजकेच फेरे तिच्यात होते आणि दुसरी प्रत जगात नव्हती.

लग्नानंतर वीसेक वर्षांनी काकांनी पहिला रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि मोठ्या हौसेनं ही तबकडी लावली. काकींचा आवाज आला, पण त्याच्या खालून एक जाड घरघर. मोटरची, गिरणीची, कशाकशाची. काकांनी अर्ध्या मिनिटात सुई उचलली.

"आणि बोलले काय माहित हाय? पारू, ऐकवीन तर स्वच्छ ऐकवीन. तवापासनं ठेवलीये घडीत," काकी म्हणाल्या. "मना माझा आवाज ऐकायचाय, हे बसलेत मोटर ऐकत."

त्यानंतर अकरा वर्षं काका ती घरघर मारण्याच्या मागे लागले. घरघर त्यांच्या यंत्राची आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. टूलरूमचा माणूस. दोष दिसला की आधी स्वतःच्या कामात शोधायचा.

या कामात त्यांना एक जोडीदार भेटला, तोही तोंड उघडं असताना. ठाण्याला नौपाड्यात डॉक्टर रेगे म्हणून दातांचे डॉक्टर होते. काका दाढ दुखते म्हणून गेले. रेग्यांनी खुर्ची मागे केली, तोंडात कापूस कोंबला, ड्रिल सुरू केलं, आणि पेशंट हातवारे करायला लागला. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. पेशंट आणखी जोरात हातवारे करतोय. शेवटी कापूस काढला तेव्हा अर्ध्या बधिर तोंडानं काका म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या मशिनचं बेअरिंग हलतंय. माझ्या जबड्यात येतंय. आधी ते बघू, दाढ कुठं जात नाय." त्यांनी खुर्चीतच ड्रिल उघडलं, साफ केलं, बसवलं आणि मग पुन्हा आ केला.

रेगे गाण्याचे भयंकर शौकीन. त्यांच्या दिवाणखान्यात परदेशातून आणवलेली तीन टर्नटेबलं एका ओळीत मांडलेली, आणि दर रविवारी दुपारी चार मित्र कोणतं श्रेष्ठ यावर भांडत. काका मला घेऊन गेले. तिथली मंडळी इंग्रजी मासिकं उघडून आकडे फेकत होती. काका चपला काढून कोपऱ्यात बसले होते.

"तुम्हाला काय वाटतं, भोईर?" रेग्यांनी विचारलं.

काका उठले. स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला. तिन्ही यंत्रांच्या बैठकीला एकेक करून टोक लावून त्यांनी ऐकलं.  एकानं दुसऱ्याला डोळा मारला.

"पाळणा बघितलाय ना सगळ्यांनी?" काका म्हणाले. "हे पयलं. मोटरचा दांडा, त्याला रबरी चाक, चाक लागलंय तबकडीखालच्या ह्या ताटाच्या कडेला. म्हणजे पाळण्याला पाय लावून झोका देणारी बाई. झोका जोरदार, कधी थांबायचा नाय. पण तिच्या पायाला जरा मुंग्या आल्या तरी पोराला कळणार. घरघर येते ती हिची."

"आणि हे?" रेग्यांनी लाडक्या यंत्राकडे बोट दाखवलं. त्यात मोटरच्या दांड्यावरच ताट बसवलेलं होतं, मध्ये काहीच नाही.

"ही बाई पाळण्याची कड हातात धरून बसलेली. लय हुशार. जरा हळू झालं की ढकलते, जरा जोरात झालं की धरते. वेग एकदम बरोबर. पण सारखी धरते-सोडते, धरते-सोडते. पोराला झोप लागते, गाढ लागत नाय."

"आणि हे तिसरं, पट्ट्याचं?"

काकांचा चेहरा मऊ झाला. "ही दोरीवाली. बाई लांब बसलीये, भाजी निवडते, आणि एका हातानं दोरी ओढते. तिच्या हाताची थरथर दोरीतच मरते. पाळणा जड पाहिजे, म्हणजे दोरी हलली तरी तो आपल्या चालीनं जाईल. दोरी लांब, हात हलका, पाळणा जड." मग पट्ट्याला बोट लावून म्हणाले, "पण डॉक्टर, तुमची ही दोरी जाड हाय. रबर ताणतं, सुटतं. गाणारा मध्येच जरासा लाजल्यासारखा होतो. आवाज हलतो."

डोळा मारणाऱ्यानं मासिक मिटून ठेवलं. रेगे आत गेले आणि एक छोटी डबी घेऊन आले. दातांच्या फटीत अडकलेलं काढायचा मेणचट रेशमी दोरा. "हा ताणत नाही," ते म्हणाले, "मी रोज लोकांच्या तोंडात वापरतो." काकांनी दोरा दोन बोटांत ताणला, टोक स्क्रू ड्रायव्हरला बांधून छेडला, ऐकला आणि डबी खिशात घातली. घरी जाताना कळव्याच्या पुलावर ते एकटेच हसत होते.

दोरा मिळाला, मग स्वतःच्या यंत्राचं ताट. कंपनीच्या भंगारातून त्यांनी बिडाचा एक गोळा उचलला आणि साहेबांची परवानगी काढून, पाळी संपल्यावर, लेथवर चार महिने कातला. एवढं जड ताट की मी उचलायला गेलो तर पाठीत उसण भरली. खाली एकच पोलादी गोळी, त्यावर सगळा भार. हातानं एक ढकला दिला की ताट कितीतरी वेळ फिरत राही, इतकं शांत की फिरतंय हे कळायला त्यावर शेंगदाणा ठेवावा लागे. दोऱ्याची गाठ मात्र छळत होती. दर फेऱ्याला गाठ कप्पीवरून जाताना टक् वाजायचं. काकांनी वीस तऱ्हेच्या गाठी मारल्या. शेवटी काकींनी दोरा हिसकावला. "द्या इकरं. जन्म गेला मन्यांची पोत ओवण्यात." त्यांनी मारलेली गाठ डोळ्याला दिसत नव्हती. टक् गेलं.

उरली ती जमीन. गिरणीची थरथर जमिनीतून टेबलात, टेबलातून ताटात, ताटातून सुईत. बैठक जड हवी म्हणून काकांनी काय करावं? स्वयंपाकघरातला पाटा उचलला. आई-आजीपासून वाटण वाटत आलेला काळा दगड. काकी माहेरी गेल्या असताना हा दरोडा पडला. परत आल्यावर त्या बघतात तो पाट्यावर मोटर! बदल्यात काकांनी मिक्सर आणून दिला आणि मिक्सर सुरू झाला की स्वतःच कानावर हात ठेवून गॅलरीत जात.

पाट्याखाली काय? रेग्यांच्या मासिकात लिहिलं होतं की परदेशात वाळू भरलेल्या पेटीवर ठेवतात, वाळू थरथर खाऊन टाकते. काकांना वाळू नको होती. "बारीक कण गोळीत गेला तर अकरा हजार फेऱ्यांत खड्डा," म्हणाले. बराच विचार करून त्यांनी तोडगा काढला. मीठ! खडे मीठ जाड असतं, उडत नाही, आणि मेव्हणा मिठागरातच. त्यानं दोन पोती पाठवली. मोठ्या लाकडी पेटीत मीठ, त्यावर पाटा, पाट्यावर यंत्र. काका दर वेळी एका वाटीत काठोकाठ पाणी भरून पाट्यावर ठेवत आणि शंकरला खिडकीतून ओरडत, "चालू कर!" एप्रिलमध्ये गिरणी सुरू झाली आणि वाटीतलं पाणी हललं नाही. काकांनी मला मिठी मारली. काकी तबकडी काढायला कपाटाकडे गेल्यासुद्धा, पण काका म्हणाले, "थांब. अजून एक महिना बघू. घाई नको."

जुलै आला. मिठाला पाणी सुटलं. पेटी पाझरली, फरशीच्या फटीतून थेंब खाली शंकरच्या गिरणीत, नेमके दळणाच्या तोंडावर. आठवडाभर इमारतीत कुणाला काही कळेना. दुसऱ्या मजल्यावरच्या सासूनं सुनेला सुनावलं, "भाकरीत मीठ दोनदा घालतेस!" सून रडली. चौथ्या मजल्यावरच्या एकानं तर बायकोचं कौतुक केलं की आताशा भाकरीला चव आलीये. शेवटी शंकर, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा, वर आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, एकतर मी दळतो नाहीतर तुम्ही खारवता. दोन्ही नको."

काकी पदर तोंडावर धरून हसत होत्या. हसता हसताच म्हणाल्या, "मिठागरवाल्यांचे जावई! पावसात मिठाला पानी सुटतं हे पोरगं पन सांगेल. माझा बापूस असता ना, तर त्यानं तुमाला हाकलला असता."

"भेटला असता तर विचारलं असतं ना," काका म्हणाले. अपराधी चेहऱ्यानं फरशी पुसत होते. "सासरा बघायलाच मिळाला नाय मला."

त्यानंतर यंत्र दोन वर्षं कपड्याखाली झाकून पडलं. काका निवृत्त झाले. आणि एका दसऱ्याला कपाट आवरताना काकींनी तबकडी काढली. त्यांनी मला हाक मारली. तबकडीच्या कडेनं पांढरी भुकटी धरली होती आणि लुकणाला उन्हात तडकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या. एका जागी नखाएवढा पापुद्रा सुटला होता.

रेगे आले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि दाढ वाचणार नाही हे सांगताना ते वापरत असतील त्या सुरात म्हणाले, "एकदा वाजेल. फार तर एकदा. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तेवढंही नाही. वाजवायची त्याच वेळी मी कॅसेटवर घेतो."

काका खुर्चीत बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर नव्हता. "अकरा वर्षं मी थांबवून ठेवलं हिला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तेव्हाच लावली असती तर? घरघरीसकट तर घरघरीसकट."

काकी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा वर छताकडे. त्या खोलीच्या तुळईत एक जाड लोखंडी कडी होती. इमारत बांधत असताना काकांनी हौसेनं बसवून घेतलेली, पाळण्यासाठी. तिच्यावर आजवर काहीच टांगलं गेलं नव्हतं. दिवाळीत आकाशकंदीलसुद्धा त्या कडीला कधी लागला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"जमीन हलते ना?" काकी म्हणाल्या. "मग जमिनीवर कशाला ठेवता? कडीला टांगा."

काकांनी मान वर करून कडीकडे बघितलं. "चालेल तुला?"

"गंजून जायाची नायतर."

चार दोऱ्या, चार स्प्रिंगा, मध्ये पाटा, पाट्यावर बिडाचं ताट. पंधरा दिवसांत काकांनी तो पाळणा टांगला. वाटीत पाणी ठेवलं. शंकरनं गिरणी सुरू केली. फडताळातली भांडी बोलायला लागली, खिडकीची काच बोलली, माझ्या पोटातलंही बोलायला लागलं. वाटीतल्या पाण्यावर माशीच्या पायाएवढीही सुरकुती नव्हती.

तो दिवस रविवार होता, दुपारचे तीन. गिरणीवर 'आज दळण बंद' अशी पाटी लागली होती, कारण काकांना एवढ्यावरही भरवसा नव्हता. रेग्यांनी कॅसेटचं यंत्र जोडलं. काकींनी लग्नाला नेसतात तसं लुगडं नेसलं होतं. शंकर दाराशी उभा होता, प्रथमच अंघोळ करून आल्यामुळे ओळखू येत नव्हता. मला काम एकच होतं, गप्प बसणं. माझ्यासारख्यासाठी ती अवघड भूमिका होती.

काकांनी ताटाला बोटानं गती दिली, मोटरचा दोरा चढवला, आणि सुई ठेवली. ठेवताना त्यांचा हात लेथवर शेवटची सुताएवढी कात काढताना असतो तसा होता.

आधी थोडी खरखर. मग एका सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज खोलीत आला. धीट होता आणि भेदरलेलाही. मागे वाद्य नाही, काही नाही. उघडा आवाज, आजच सकाळी धुतल्यासारखा. काकींनी दोन्ही हात गालांना लावले. मी रेग्यांकडे बघितलं, ते भिंतीकडे बघत होते.

आणि त्या आवाजाखालून, अगदी खाली, घरघर.

काका दचकले. स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला. मोटरला लावला, मान हलवली. पाट्याला लावला, दोरीला लावला, फरशीवर गुडघे टेकून फरशीला लावला. काही नाही. त्यांनी जळजळीत नजरेनं दाराकडे पाहिलं. शंकरनं घाबरून दोन्ही हात वर केले, मी इथे आहे, गिरणी कोण चालवणार! घरघर चालूच. वर-खाली, वर-खाली. काकांचा चेहरा पांढरा पडला. अकरा वर्षांची, बिडाची, दगडाची, मिठाची सगळी मेहनत त्या एका आवाजानं खाऊन टाकली होती. त्यांचा हात सुईकडे गेला. उचलायला. तबकडी एकदाच वाजणार होती आणि हा माणूस ती मध्येच थांबवायला निघाला होता.

काकींनी त्यांचं मनगट पकडलं.

"हात लावू नका," त्या हळूच म्हणाल्या. "माझा बापूस हाय तो."

मनगट न सोडता त्या पुढे म्हणाल्या,

"दमा होता त्याला. मिठाचा. मागं बसला होता ना स्टुलावर."

मग आम्हाला सगळ्यांनाच ऐकू आलं. ती यंत्राची घरघर नव्हती. यंत्र एका चालीनं घरघरतं. ही थांबत होती, ओढत होती, सोडत होती. पोरीनं लांब सूर धरला की मागची घरघर थांबायची, म्हातारा श्वास धरून ऐकत असणार. तिची ओळ संपली की सुटायची. पहिल्या प्लेअरच्या मोटरनं आणि गिरणीनं हेच झाकून टाकलं होतं. सगळी थरथर मेल्यावर हा एक माणूस तेवढा उरला होता.

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. फरशीवर बसले होते तसेच बसून राहिले, मान तिरकी, तोंड किंचित उघडं. शेवटच्या ओळीपाशी सुई भेगांतून गेली, काळे पापुद्रे उडाले, आवाज तुटला. रेग्यांनी कॅसेट थांबवली. काका म्हणाले, "आमच्या सासऱ्यांना नमस्कार करायचा राहिला होता," आणि त्यांनी खरोखरच, फिरत्या ताटाकडे बघून, हात जोडले.

पुढे मी घोडबंदर रोडला राहायला गेलो. जाणं-येणं कमी झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा गेलो तेव्हा काकांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या आवाजात काढलेली तीस वर्षं आता हिशेब मागत होती, असं रेगे म्हणाले. काकी ओरडून बोलत आणि काका त्याहून मोठ्यानं उत्तर देत, त्यामुळे ते घर शांत आहे असं आता फक्त काकांनाच वाटत असावं. कडीला ताट होतं तसंच होतं. काकींनी त्यावर दोन मोगऱ्याची फुलं ठेवली होती.

"नाटकवाले!" काका गरजले. "ऐकायचंय?"

काकींनी कॅसेट लावली. तोच धीट, भेदरलेला आवाज. काका स्पीकरच्या पेटीजवळ पाटावर बसले, स्क्रू ड्रायव्हर पेटीला टेकवला आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटले.

"गाणं येतं का?" मी त्यांच्या तोंडासमोर ओठ हलवत विचारलं.

"नाय! पारू गेली सगळी वर! तेवढं उंच नाय येत आता!" डोळे न उघडताच त्यांनी डावा हात वर केला आणि एक बोट हळूहळू वर नेऊन खाली आणलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. कॅसेटमधल्या म्हाताऱ्याच्या श्वासाबरोबर. एकदाही चुकलं नाही. "सासरा तेवढा येतो भेटायला!"

गाणं जिथं तुटतं तिथं तुटलं. काकांनी दांडी काढली, लुंगीला पुसली, आणि कपाळाला आठ्या घालून बसून राहिले.

"काय झालं?" काकी ओरडल्या.

"सासरे दमतात हल्ली!" काका म्हणाले. "मागल्या महिन्यापेक्षा श्वास सावकाश झालाय. कॅसेटच्या मशिनचा पट्टा सैल पडलाय, पारू!"

"आता बसा नुसते, बाला आलाय!"

पण काकांना ते ऐकू आलं नसावं. मी चपला घालून निघालो तेव्हा त्यांनी कॅसेटचं यंत्र मांडीवर उलटं घेतलं होतं, चष्मा नाकावर ओढला होता आणि पहिला स्क्रू फिरवायला सुरुवात केली होती.